कमरेला शोभेल असं

उमरगा तालुक्यातल्या आमच्या मुरुम गावात हातात पैसा आला की माणूस आधी बोअर पाडतो, मग पत्रे काढून स्लॅब टाकतो, मग दारात स्कॉर्पिओ उभी करतो. चौथी पायरी कोणती, हा प्रश्न आमच्या भागाला बरीच वर्षं सतावत होता. गावातल्या आप्पांनी तो सोडवला. सोलापूर-हैदराबाद हायवेच्या चौपदरीकरणात त्यांची रस्त्याकडची जमीन गेली, मोबदला आला, आणि एका सकाळी ई-सेवा केंद्रात पीकविम्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना बाजूला सारत आप्पा म्हणाले, "पिस्तुलाचा फारम हाय का?"

रांग गप्प झाली. पीकविमा भरणाऱ्या माणसाला पिस्तूल भरणाऱ्याबद्दल आदर वाटतोच.

आप्पांच्या अटी तीन. पिस्तूल भरवशाचं पाहिजे, परवडणारं पाहिजे आणि जुन्या घाटाचं पाहिजे. प्लास्टिकचं नको. पोलादी नळी, लाकडी मूठ, हातात घेतलं की वजन कळलं पाहिजे. "आपल्याला काय रोज उडवायचंय का? पण उडवलं तर उडलं पाहिजे, बगा." मी पुस्तकं वाचतो अशी गावात अफवा आहे. त्यामुळे चौकशीचं काम माझ्याकडं आलं.

जुन्या घाटाची आप्पांना काळजी नव्हती, नकळत कायद्यानंच ती सोय केलेली आहे. फौजदाराच्या कमरेला असतं तसं 9 मिमीचं आपल्याला मिळत नाही. ती गोळी लष्कराची, नागरिकाला मना. फौजदाराचं ते पिस्तूलही तसं आजोबाच. बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ते बनतं आणि मूळ नमुना बेल्जियमच्या ब्राऊनिंग हाय-पॉवरचा, 1935 चा. तुमच्याआमच्या वाट्याला येते .32 ची गोळी. ती जॉन ब्राऊनिंग नावाच्या अमेरिकन माणसानं 1899 साली काढली. म्हणजे आज अर्ज करणारा माणूस स्मार्टफोनवरून फॉर्म भरतो आणि गोळी मागतो ती टिळक केसरी चालवत होते त्या काळातली. याहून जुना घाट हवा असेल तर नळदुर्गच्या किल्ल्यावर जाऊन तोफच बघावी लागेल.

याच ब्राऊनिंगच्या नावाशी मराठी माणसाची ओळख मात्र फार जुनी. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राऊनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली आणि 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, संगीत शारदाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. सतरा-अठरा वर्षांचं पोर. पुढं 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. पिस्तूल भरवशाचं आहे की नाही हा प्रश्न त्या पोराला खरा पडला असणार. आमच्या भागालाही तो एकदा खरा पडला होता. 1947-48 मध्ये मुरुम निजामाच्या राज्यात होतं, रझाकार गावागावांत फिरत होते, तेव्हा घरात काठी आहे की बंदूक यावर रात्रीची झोप ठरायची. 17 सप्टेंबर 1948 नंतर तो प्रश्न मिटला. आप्पांचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी.

हे मी आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मंग? तवा नव्हतं म्हणूनच आता घ्यायचं."

भरवशाची गोष्ट निघाली की जाणकार लोक अमेरिकन कोल्ट 1911 चा दाखला देतात. 1911 च्या मार्चमध्ये तिकडच्या लष्करानं परीक्षा घेतली, एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या उडवल्या, तापलं की पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. आप्पांना हे भलतंच आवडलं. विशेषतः बादली. पण सहा हजार गोळ्यांचा हिशोब मी त्यांना मांडून दाखवला. परवान्यावर एका वेळी किती गोळ्या जवळ ठेवायच्या आणि वर्षाला किती घ्यायच्या याचा आकडा लिहिलेला असतो. नव्या घ्यायला गेलं की जुन्या कुठं गेल्या हेही विचारतात. पाहुणे मंडळींत ज्यांच्याकडं पिस्तूल आहे, त्यांची पहिली डबी अजून संपलेली नाही. आमच्याकडची भरवशाची परीक्षा कोल्टपेक्षा कितीतरी कडक आहे, कारण वीस-वीस वर्षं एकही गोळी न उडवता पिस्तूल चांगलं आहे असं सांगत राहावं लागतं.

सहाबारी रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल, यावर चावडीजवळच्या हॉटेलात दोन कप चहाचा वाद झाला. रिव्हॉल्व्हरवाल्यांचं म्हणणं असं की एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, चाक फिरतं, पुढची गोळी हजर. पिस्तुलात तसं नाही. फुसकी गोळी नळीतच बसते, वरची स्लाइड हातानं मागं ओढून ती बाहेर काढावी लागते, आणि समोरचा माणूस तोवर थांबत नाही. मुद्दा बिनतोड आहे. शिवाय दोघांनाही .32 म्हणत असले तरी गोळ्या एक नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला बुडाशी काठ असतो, पिस्तुलाच्या गोळीला काठ अगदी नावाला आणि वर खाच. रिव्हॉल्व्हरची पिस्तुलात बसत नाही. आमच्याच एका ओळखीच्या माणसानं पिस्तूल घेतलं आणि मेव्हण्याकडून उसन्या गोळ्या मागितल्या. मेव्हण्याकडं रिव्हॉल्व्हर. एक तर गोळ्या उसन्या देणं-घेणं हाच गुन्हा, त्यात त्या बसेनात. कायदा मोडायची तयारी असूनही मोडता आला नाही, असं क्वचित घडतं.

पण आप्पांनी निकाल वेगळ्याच मुद्द्यावर दिला. रिव्हॉल्व्हरचं चाक फुगीर, नेहरू शर्टाखाली गाठोडं दिसतं. पिस्तूल चपटं, अंगाला लागून बसतं. कापड दुकानात बसून ठरवावं तसं त्यांनी ठरवलं.

आता परवडणारं. इथं आप्पांचं खरं घोडं अडलं. परदेशी हत्यारं खासगी माणसानं बाहेरून आणायची सोय 1980 च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे देशात पूर्वी आलेली वॉल्थर, वेब्ली, ब्राऊनिंग ही एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतात आणि दरवेळी त्यांची किंमत वाढते. आपल्याकडं अशी वाढ फक्त रस्त्याकडच्या गुंठ्याला असते. जेम्स बाँडचं पीपीके 1931 चं, पण त्याच्या जुन्या नगाला आज जे पैसे मागतात त्यात एक बरा ट्रॅक्टर येतो. राहिला सरकारी माल. कानपूरकडं रिव्हॉल्व्हरं होतात. 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर आलं, किंमत एक लाख बावीस हजार. ज्या बाईला त्याची गरज होती तिच्याकडं एवढे पैसे कुठून असणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तेव्हाही कुणी उत्तर दिलं नाही. 2023 मध्ये 'प्रबल' आलं. पिस्तुलात 'अशनी', तेही .32 चंच. आप्पांच्या अटींत बसणारं हेच. घाट जुना, माल पोलादी, सुटे भाग देशात, गोळी आपल्या पुण्याची. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा आहे. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात ती खडकीचीच.

"म्हंजे शिवाजीनगरच्या पलीकडचंच की," आप्पा म्हणाले. नातू पुण्यात कॉलेजला असल्यामुळे त्यांना तेवढ्यानं विश्वास वाटला.

मग कराचा आकडा आला. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ट्रॅक्टर पाच टक्क्यांवर आला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर अठ्ठावीसवरून चाळीसवर गेलं. त्या चाळीस टक्क्यांच्या पंगतीला आणखी कोण बसलंय, ते मी आप्पांना वाचून दाखवलं: हौसेचं विमान, हौसेची नौका, ओढायचा पाइप, साडेतीनशे सीसीच्या वरची मोटारसायकल आणि थंड पेयाची बाटली. लाखाच्या मालावर चाळीस हजार नुसता कर. आप्पा विचारात पडले. मला वाटलं, कराच्या आकड्यानं गार झाले. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "विमानाच्या ओळीत हाय म्हन की आपलं," ते म्हणाले. सरकारनं चैनीवर कर लावला की लोक चैन कमी करतात, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्या पुस्तकांच्या लेखकांनी उमरगा तालुका पाहिलेला नाही.

स्वस्तातलं पिस्तूल मिळतं, हे खरं. ते कुठून येतं तेही सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जळगाव जिल्ह्याच्या चोपड्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी गाव आहे, पोलिसांच्या बातम्यांत त्याचं नाव नेहमी असतं. तिथलं गावठी पिस्तूल परवान्याशिवाय, पावतीशिवाय, जीएसटीशिवाय. आणि भरवशाशिवाय, कारण ते पुढं उडेल की हातात, हे नशिबावर. विनापरवाना हत्यार सापडलं की किमान दोन वर्षं आत. या माहितीचा आप्पांना राग आला. "आमी काय चोर हाव का?" ते बरोबर होतं. आप्पांना गुपचूप हत्यार नकोच होतं. गुपचूप असेल तर पैसे कशाला घालवायचे?

खरी गंमत अर्जात आहे. वय एकवीसच्या वर, ते झालं. हत्यार चालवायच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, शरीर आणि डोकं ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. डोक्याच्या दाखल्यासाठी घरच्यांना बोलवू नका, एवढीच आप्पांनी विनंती केली. त्यांनी सोबत सातबारे जोडले, ऊसबिलं जोडली, पोरगा विठ्ठलसाई कारखान्याचा सभासद आहे तेही जोडलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे भूमिहीन माणसालाही परवाना मागायचा हक्क आहे. हे ऐकून आप्पांचा चेहरा जो पडला, तो कराचा आकडा ऐकूनही पडला नव्हता.

मग कारणाचा रकाना. परवाना कशासाठी पाहिजे? आप्पांनी सांगितलं, लिही, रानडुकरं. पिकाच्या राखणीला परवाना मिळतो, पण तो ठासणीच्या किंवा लांब नळीच्या बंदुकीचा. हरभऱ्यात शिरलेल्या डुकरावर कमरेचं पिस्तूल चालवायचं तर डुकराला आधी जवळ बोलवावं लागेल. मग राहिलं एकच, जिवाला धोका. आणि इथं कायद्याचा खरा पेच सुरू होतो. जिवाला धोका आहे म्हटलं की शत्रू दाखवावा लागतो. शत्रूशी मारामारी झाली असेल तर गुन्हा नोंद असतो. गुन्हा नोंद असेल तर परवाना मिळणं अवघड. म्हणजे तुम्हाला शत्रू तर पाहिजे, पण त्यानं तुमच्या वाटेला जाता कामा नये आणि तुम्ही त्याच्या. असा शत्रू मुरुमात कुणाकडं आहे? आप्पांचा बांधावरून भावकीशी वाद आहे, पण तो अर्ध्या फुटाचा आणि तीस वर्षांचा, आणि दिवाळीला दोन्ही घरांत फराळाची ताटं जातात.

चौकशीला पोलीस आले. शेजाऱ्यांना विचारलं, यांच्या जिवाला कुणाचा धोका आहे का? शेजारी भला माणूस, त्यानं आप्पांची बाजू घ्यायची म्हणून छातीठोक सांगितलं, "छे हो साहेब, आप्पांवर कोण हात टाकतंय? त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही." ही बातमी आप्पांपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. ज्याच्या जिवावर उठणारा गावात एकही माणूस नाही तो कसला मोठा माणूस? शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं. हे भांडण आधी झालं असतं तर हाच शत्रू म्हणून दाखवता आला असता.

कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या वेगळ्याच. मुरुमहून नळदुर्ग, तुळजापूर करत धाराशिवला जायचं, तुळजाभवानीला लांबूनच हात जोडायचे. जुन्या परवानाधारकांच्या पुस्तकांवर अजून उस्मानाबाद आहे, 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, नव्या अर्जावर धाराशिव. एका साहेबांनी परवान्याबद्दल थोडं कडकच ऐकवलं, त्यांचंही चुकलं नाही. डिसेंबर 2024 पासून शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या हजारावर परवान्यांची राज्यभर चर्चा झाली, तिथल्या प्रशासनाला कित्येकांचे परवाने रद्द करावे लागले. त्या बातम्यांत हसण्यासारखं काही नव्हतं. कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणाऱ्या पोरांकडं तोवर सगळे कौतुकानं बघत होते, हे मात्र सगळे विसरले.

आता मुद्द्याचं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याचं हत्यार नेताना ते खोळीत, झाकून न्यावं लागतं. चारचौघांत काढून मिरवायचं नाही. मी हे आप्पांना दोनदा समजावून सांगितलं. लाकडी मूठ, पोलादी चमक, जुना घाट, लाखाच्या पुढची किंमत, वर चाळीस टक्के, आणि एवढं सगळं झाकून! पैठणी घेऊन ट्रंकेत ठेवायची आणि ट्रंकेला पोतं शिवायचं, तसलं हे. आप्पांनी पोटाकडं बघितलं. पिस्तूल कमरेला लावलं तर पोट त्याच्यावर आपोआप येत होतं. नियम पाळायची व्यवस्था देवानंच केली होती, त्यांच्या इच्छेविरुद्ध.

आणि निवडणुका! आचारसंहिता लागली की छाननी होते आणि ज्यांची नावं निघतात त्यांना आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. 2024 मध्ये मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा, 2025 च्या डिसेंबरात नगरपरिषदा. आमच्या एका पाहुण्यांचं पिस्तूल त्या काळात ठाण्यातच इतकं राहिलं की पुढच्या वेळी ते जमा करायला गेले तेव्हा हवालदारानं "आलात व्हय?" असं पिस्तुलाकडं बघून विचारलं, पाहुण्यांकडं नाही. म्हणजे ज्या दिवसांत गावात खरी धुसफूस असते, भांडणं होतात, रात्री गाड्या फिरतात, नेमक्या त्याच दिवसांत हत्यार घरात नसतं. आणि हे चांगलंच आहे, असं माझं स्वच्छ मत आहे.

याच पाहुण्यांच्या पिस्तुलाला मी अगदी जवळून बघितलंय. खंडेनवमीला. पाटावर विळे, कोयते, ट्रॅक्टरचे पाने, पोराचा लॅपटॉप आणि मधोमध पिस्तूल, मॅगझिन काढून बाजूला. वहिनींनी सगळ्यांची सारखीच पूजा केली. पिस्तुलाला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर चार अक्षता आणि झेंडूचं फूल. स्लाइडला जी खिडकी असते, जिथून रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, तिच्यात झेंडूच्या दोन पाकळ्या गेल्या. मागच्या अंगाला कुंकू. निशाणीच्या खाचेत हळद अशी बसली होती की नेम धरला असता तर समोरचं सगळं जग पिवळं दिसलं असतं. वर पाहुणे दरसाल त्याला शिलाई मशीनचं तेल घालतात. तेल आणि हळद एकत्र झाली की काय होतं हे ज्यानं लोणचं घातलंय त्याला कळेल. पाहुण्यांनी आम्हाला दाखवायला म्हणून स्लाइड मागं ओढली. ती अर्ध्यावर आली आणि तिथंच थांबली. पुढं जाईना, मागं येईना. मग टूथब्रश आणला, रॉकेल आणलं. दोन तास तीन पुरुष माणसं अंगणात बसून पिस्तुलाचे दात घासत होती. कोल्टची परीक्षा घेणाऱ्यांनी बादलीपर्यंत विचार केला, हळदीपर्यंत केला नाही.

तर माझा निकाल असा. परवाना खरोखर लागतो अशी माणसं असतात, पतपेढीची रोकड नेणारी, ज्यांना धमकी आलेली आहे अशी, त्यांनी अशनी घ्यावं, वर्षातून दोनदा कोरड्या फडक्यानं पुसावं, तेल थेंबभर, पूजा लांबून. जुन्या विलायती नावांच्या मागं लागू नये, सुटा भाग मिळत नाही आणि स्प्रिंग तुटली की तुमच्या हातात पेपरवेट राहतो. दोनपेक्षा जास्त हत्यारं 2019 च्या दुरुस्तीनंतर तशीही ठेवता येत नाहीत, परवाना मात्र पाच वर्षांचा झाला, तेवढ्या फेऱ्या वाचतात. आणि ज्यांना कमरेला काहीतरी शोभायलाच पाहिजे, त्यांनी चांदीचा करदोटा करावा. त्यावर जीएसटी तीन टक्के आहे आणि तो झाकायला कुणी सांगत नाही.

आप्पांचा अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत आलाय. कारणाच्या रकान्यात त्यांनी शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: "प्रतिष्ठित नागरिक." साहेबांनी त्याच्याखाली लाल शाईनं रेघ मारलीय.

आणि एक विनंती. आमच्याकडं लग्नसराई सुरू झालीय, मुरुमच्या कार्याला याल तर अवश्य या, हुग्गी पोटभर खा, हलगीवर नाचा. पण परवान्याचं पिस्तूल असेल तर ते घरी ठेवून या. आनंदात हवेत गोळी उडवली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं 2019 पासून कायद्यात आहे, आणि नवरीच्या बापाला त्या दिवशी पोलीस ठाण्यात जायला वेळ नसतो.